बदामाच्या बागेतलं गार पाणी

१

थर्मामीटरचा काटा चौदा अंशांवर येऊन थांबला, आणि तिथून हलायचं नाव घेईना.

बायकांच्या न्हाणीघरात, तिसऱ्या शॉवरखाली, गोदेलिव बाई बाही कोपरापर्यंत सारून उभ्या होत्या. काल संध्याकाळी एका साध्या मोटरहोममधून त्या एकट्याच आल्या होत्या. ना बाहेर खुर्ची मांडली, ना सायकल उतरवली. आज सकाळी आठच्या ठोक्याला त्यांनी खिशातून ओळखपत्र काढलं, तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई हिवाळी मार्गदर्शिकेच्या निरीक्षक निघाल्या. उत्तरेकडचे निवृत्त लोक थंडी पडली की आपापली चाकांवरची घरं घेऊन दक्षिणेला उतरतात. कुठल्या कॅम्पिंगमध्ये मुक्काम करायचा, हे ते या मार्गदर्शिकेत बघतात. तिच्यात नाव नाही, तर ऑक्टोबर ते मार्च माश्या मारत बसायची वेळ.

"चौदा," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. "जानेवारीत."

दारात कॅम्पिंगचा मालक आबिलिओ उभा होता. त्याचा चेहरा शॉवरच्या फरशीइतका पांढरा पडला. त्याच्यामागे हातात फडकं घेऊन इडालिना उभी होती. गेली बावीस वर्षं ही न्हाणीघरं तीच सांभाळत होती. दर दोन तासांनी साफसफाई, आणि प्रत्येक खेपेला दारावरच्या कागदावर तिची सही. तिने कधी सही चुकवली नव्हती आणि काम न करता तर कधीच केली नव्हती.

"स्वच्छतेला बोट ठेवायला जागा नाही," गोदेलिव बाई म्हणाल्या. "पण गरम पाणी नसेल तर चौथा तारा सोडा, आहेत ते तीनही मला देता येणार नाहीत. मी पुढच्या गावचं कॅम्पिंग बघून उद्या बाराला परत येते. हे का झालं आणि पुन्हा का होणार नाही, ते मला सांगा. नुसतं 'दुरुस्त केलं' चालणार नाही."

वही मिटून बाई गेल्या. इडालिना तडक मागच्या बाजूला गेली. तिथे जाळीच्या पिंजऱ्यात बॉयलरचे गॅस सिलिंडर असतात. पिंजऱ्याला कुलूप होतं. तिने कुलूप उघडलं, सिलिंडर हलवून पाहिला. जड होता, भरलेला. पण वरची चावी बंद होती, अगदी घट्ट.

२

"तुम्हीच काल संध्याकाळी सिलिंडर बदललात ना?" आबिलिओ म्हणाला.

"सहा वाजता. बदलला, चावी उघडली, बॉयलर पेटलेला पाहिला, मग सही केली."

"मग चावी आपोआप फिरली?"

"आपोआप माझं डोकं फिरतंय आता. आबिलिओ, तू चड्डीत फिरायचास तेव्हापासून मी इथे आहे. मी विसरले असते तर विसरले म्हटलं असतं."

आबिलिओ टेबलाच्या कडेवर टेकला. वाईट माणूस नव्हता तो. पण बापाने ठेवलेली ही बदामाची बाग आणि तिच्यातल्या साठ जागा त्याच्या मानेवर बसल्या होत्या. शेजारची जमीन एका हॉटेलवाल्याने घेतली होती आणि तो दर महिन्याला फोन करत होता.

"दोना इडालिना, मला उद्या त्या बाईंना कारण सांगायचंय. कागदावर सही तुमची आहे. मी काय सांगू, भूत आलं होतं?" मोठ्या बाईंना आदराने म्हणतात तसं तो तिला 'दोना' म्हणायचा. त्याने मान खाली घातली. "तारे गेले तर शहरातल्या सफाई कंपनीला काम द्यावं लागेल. ते तरी लेखी हमी देतात. तुम्हाला ठेवणं मला जमणार नाही."

इडालिनाला नोकरी जाण्याचं दुःख होतंच. पण सही खोटी होती म्हणून गेली, असं गावात झालं असतं तर मासळीबाजारात कुठल्या तोंडाने उभी राहणार होती ती?

"उद्या बाराला ना?" ती म्हणाली. "साडेअकराला मी तुला नाव सांगते."

"कुणाचं नाव?"

"ज्याने चावी फिरवली त्याचं. मला माझी न्हाणीघरं कळतात आणि न्हाणाऱ्यांच्या सवयी त्याहून जास्त कळतात. तू फक्त मधे मधे करू नकोस."

३

पिंजऱ्याची किल्ली कॅम्पिंगच्या बारच्या दारामागे खिळ्याला लटकलेली असते. हे सगळ्या जगाला ठाऊक नव्हतं, तिघांना होतं. इडालिनाच्या सुट्टीच्या दिवशी सिलिंडरचं काम ज्यांच्या गळ्यात पडायचं, ते हे तिघे. तिघेही दर हिवाळ्याचे जुने मुक्कामी.

पहिला वुबो. उत्तर हॉलंडचा, सहा फुटांच्या वरचा, सत्तरीचा म्हातारा. ऑक्टोबरात पहिली गाडी त्याची यायची आणि मार्चअखेर शेवटची जायची. नऊ नंबरची जागा त्याची, बदामाच्या जुन्या रांगेतली. नवी गाडी आली की हात हलवत पुढे होऊन ती जागेवर लावून द्यायची, चाकाखाली पाचर सरकवायची, हे काम त्याने स्वतःच अंगावर घेतलं होतं. त्याची बायको चित्स्के दोन वर्षांपूर्वी गेली. तरी तो येतच राहिला.

इडालिना नऊ नंबरवर पोचली तेव्हा बदाम फुलून आला होता आणि वुबोच्या टेबलावर पाकळ्यांचा सडा पडला होता. त्याने न विचारताच कॉफी ओतली. केस ओले, भांग नीट पाडलेला, दाढी तुकतुकीत.

"मी ऐकलं," तो म्हणाला. "तुझ्यावर ढकलतायत. लाज नाही वाटत त्यांना? अगं, मशीन आहे, बिघडतं."

"तुम्ही सकाळी गेला होतात ना?"

"साडेसहाला. दार उघडायच्या आधी मीच उभा असतो, तुला माहीतच आहे. काय सांगू, नळ सोडला आणि बर्फ! दात वाजायला लागले. कशीबशी अंघोळ उरकली."

"आणि मला येऊन सांगितलं नाहीत?"

"एवढ्या सकाळी तुला कुठे त्रास द्यायचा?" वुबोने कॉफीत साखर घातली. मग आणखी एक चमचा घातला. "ती निरीक्षक बाई... काय लिहिलं तिने?"

"उद्या येणार आहे."

वुबोने झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. तिथे एक जुना खिळा होता, चित्स्केने कपड्याची दोरी बांधायला ठोकलेला. इतक्या वर्षांत झाडाने तो जवळजवळ गिळून टाकला होता, आता फक्त डोकं दिसत होतं.

इडालिना उठली. निघताना सवयीने तिची नजर गाडीखाली गेली. सांडपाण्याच्या नळाखाली बादली होती, काठोकाठ भरलेली, आणि वर साबणाचा फेस. तिने तो पाहिला आणि पुढे गेली.

४

दुसरी बेरिल, यॉर्कशायरची. एखाद्या गोष्टीबद्दल तक्रार केली नाही असा दिवस तिने कॅलेंडरमध्ये दाखवावा. गेल्या महिन्यात कोंबडा आरवतो म्हणून तिने आबिलिओला पत्र लिहिलं होतं. कोंबडा दोन मैलांवरच्या शेतातला होता.

आज ती डोक्याला टॉवेल गुंडाळून गाडीच्या पायरीवर बसली होती. डोळे लाल.

"ये, ये!" ती इडालिनाला पाहताच कडाडली. "बघ काय करून ठेवलंय!" आणि टॉवेल सोडला. केसांत शाम्पू वाळून पापड झाला होता.

इडालिनाला हसू आवरेना. "पाणी गार होतं तर शाम्पू कशाला लावलात, बाई?"

"गार कुठे होतं! सातला गेले तेव्हा मस्त कढत होतं. पाच-सहा मिनिटं अशी छान वाफ. मी डोकं चोळते न चोळते तोच, खाडकन बर्फ! मी किंचाळले. तिकडे पुरुषांच्या बाजूला तो जर्मनही ओरडला."

"सातला कढत होतं? नक्की?"

"मी म्हातारी आहे, कढत आणि गार कळत नाही इतकी म्हातारी नाही. आणि ऐक, मला आजच्या दिवसाचं भाडं परत पाहिजे."

"ते आबिलिओला सांगा. त्याच्याकडे आज आणखी बरीच दुःखं आहेत, एक तुमचं."

तिसरा तो जर्मन, एकेहार्ट. आयुष्यभर कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. कॅम्पिंगमधला कुठलाही स्क्रू त्याला विचारल्याशिवाय सैल होत नाही. कुणी मुद्दाम केलं म्हटलं, तर आबिलिओचा संशय आधी त्याच्यावरच गेला असता. गेल्या आठवड्यात बॉयलरवरून दोघांची जुंपली होती: एकेहार्ट म्हणाला बॉयलर जुना झाला, आबिलिओ म्हणाला तुम्हीही झालात.

एकेहार्टने गाडीचं दार उघडलं तेव्हा इडालिना दोन पावलं मागे सरकली. त्याची उजवी बाजू गुळगुळीत होती आणि डावीवर तीन दिवसांची पांढरी दाढी.

"गरम पाणी येईपर्यंत उरलेली करणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "तत्त्व आहे."

"पाणी नऊलाच चालू केलंय मी."

"असं?" त्याने गालावर हात फिरवला. "कुणी सांगितलं नाही."

"एकेहार्ट, खरं सांगा. काल रात्री भांडी किती वाजता घासलीत?"

"नऊला. नेहमीप्रमाणे. पाणी इतकं कढत की हात भाजला. मी आबिलिओला किती वेळा सांगितलं, साठ अंशांवर ठेवू नका, गॅस फुकट जातो."

इडालिनाने त्याचा हात धरून हलवला. "देव तुम्हाला असंच भांडखोर ठेवो," ती म्हणाली. एकेहार्टला काही कळलं नाही, पण त्याला ते आवडलं.

५

दुपारी ती न्हाणीघराच्या मागच्या ओट्यावर बसली, मांडीवर संत्री घेऊन. सोलता सोलता तिचं डोकं छान चालतं.

ती स्वतः सहाला चावी उघडायला विसरली असती, तर संध्याकाळच्या अंघोळी आणि पंचवीस गाड्यांची भांडी यांत टाकी आठच्या आतच रिकामी झाली असती. नऊला एकेहार्टचा हात भाजला, म्हणजे तेव्हा बॉयलर पेटलेला होता. तिची सही खरी होती. हे तिला माहीत होतंच, पण आता दाखवताही येत होतं. चावी कुणीतरी नऊनंतर फिरवली.

एकेहार्टने? त्याला बॉयलर बिघडवायचा असता तर त्याने आत एखादा स्क्रू असा फिरवला असता की महिनाभर पत्ता लागला नसता. शिवाय अर्धी दाढी करून दिवसभर गावभर कोण फिरेल? बेरिलने? पाणी गार होणार हे ठाऊक असणारी बाई डोक्यावर शाम्पू थापून घेणार नाही.

ज्याने केलं त्याला बॉयलरची नासधूस करायची नव्हती. एक चावी फिरवायची, एक सकाळ गार करायची, बस. मग पुन्हा उघडली की सगळं जिथल्या तिथे. हे शत्रूचं काम वाटत नव्हतं. आणि हे करणाऱ्याला निरीक्षक आली आहे, हे आदल्या संध्याकाळीच कळलेलं होतं. ते कुणाला कळलं असणार? ती गाडी आली तेव्हा सगळे बारशेजारच्या हॉलमध्ये पत्ते खेळत होते. हात हलवत पुढे होऊन तिची गाडी जागेवर लावून देणारा एकच माणूस बाहेर होता. तिच्या वहीवरचं मार्गदर्शिकेचं नाव काचेतून त्यालाच दिसलं असणार.

इडालिनाने शेवटची फोड तोंडात टाकली. मन खट्टू झालं. दुसरं कुणीही निघालं असतं तरी तिला चाललं असतं.

६

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिने आबिलिओच्या कानात नाव सांगितलं. तो म्हणाला, "शक्यच नाही." ती म्हणाली, "मलाही तसंच वाटावंसं वाटत होतं."

बाराला गोदेलिव बाई आल्या. बारसमोरच्या अंगणात तिघेही जुने मुक्कामी हजर होते. बेरिलचे केस धुतलेले होते आणि एकेहार्टची दाढी पूर्ण झाली होती.

"हं, सांगा," बाई म्हणाल्या.

"कारण सांगायच्या आधी एक विचारते," इडालिना म्हणाली. "बेरिल, काल सकाळी सातला पाणी कसं होतं?"

"कढत. किती वेळा सांगू?"

"आणि वुबो, साडेसहाला?"

"गार," वुबो हळूच म्हणाला.

"टाकी एकच, नळ एकाच बॉयलरचे. मग साडेसहाला गार असलेलं पाणी सातला कढत कसं झालं? मधे कुणी चुलीवर तापवून आणलं का?"

एकेहार्टने आधी वुबोकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"वुबो, तुमच्या गाडीतला बॉयलर दहा लिटरचा," इडालिना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गॅस बंद केला की पाणी लगेच गार. तुम्हाला वाटलं, इथेही तसंच असणार. पण इथली टाकी तीनशे लिटरची आहे. रात्रभर गरम राहते. तुम्ही रात्री बारच्या खिळ्यावरची किल्ली घेऊन चावी फिरवलीत आणि सकाळी न्हाणीघरात पाऊलही ठेवलं नाहीत, म्हणून ते कळलं नाही. अंघोळ केलीत ती गाडीत. नऊ हिवाळ्यांत तुम्ही एकदा तरी गाडीत अंघोळ केलीत? इथे कुणीच करत नाही. पैसे भरून मुक्काम करायचा आणि स्वतःच्या टाकीतलं पाणी कोण वापरेल? तुमची बादली काल साबणाने फेसाळली होती. मी बावीस वर्षं लोकांचं सांडपाणी बघते. ते खोटं बोलत नाही."

वुबोने टोपी काढली.

"मला माफ कर, इडालिना. तुझ्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही माझ्या. काल आलं, तेव्हा... तेव्हा धीर झाला नाही."

"पण का?" आबिलिओ ओरडला. "तुम्ही? बाबा गेले तेव्हा तुम्ही खांदा दिलात!"

"तू त्या दिवशी पत्ते खेळताना काय म्हणालास?" वुबो म्हणाला. "चौथा तारा मिळाला की बदामाची जुनी रांग काढायची, मोठ्या गाड्यांना जागा करायची. तिच्यात माझा नऊ नंबर आहे. त्या झाडाला चित्स्केने... तो खिळा आहे तिथे. मी म्हटलं, तारा मिळालाच नाही, तर सगळं जसं आहे तसं राहील. आपलं आपलं. जगाला कशाला कळायला पाहिजे ही जागा?"

"अहो, तारे गेले असते तर मी बाग विकली असती!" आबिलिओने डोक्याला हात लावला. "हॉटेलवाला टपून बसलाय. एक झाड उरलं नसतं!"

वुबो खुर्चीत मटकन बसला. एवढा उंच माणूस, पण आता लहान दिसायला लागला. बेरिलने पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. काही न कुरकुरता तिने केलेली ही त्या हिवाळ्यातली पहिली गोष्ट असावी.

गोदेलिव बाईंनी वही उघडली. "मालक, झाडं तोडा असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मोठ्या गाड्यांना मोठ्या जागा लागतात ना? तुमच्याच यादीत..."

"आमच्या यादीत सावलीचे गुण आहेत. ती रांग तोडलीत तर चौथा तारा मिळणार नाही." बाईंनी पेन उघडलं. "चौदा वर्षं मी हे काम करते. आवडत नाही म्हणून जागा बिघडवणारे लोक पाहिलेत. फार आवडते म्हणून बिघडवणारा आज पहिल्यांदा पाहिला."

त्या उठून न्हाणीघरात गेल्या. तिसरा शॉवर सोडला. काटा सरसर चढत एकेचाळीसवर गेला. बाहेर येताना त्या दारावरच्या कागदापाशी थांबल्या, सगळ्या सह्या वाचल्या आणि तारखा ताडून खात्री केली. मग आबिलिओकडे वळल्या. "तारे चार. आणि किल्ली खिळ्यावर ठेवू नका. ती या इडालिनाबाईंच्या कमरेला राहू द्या."

आबिलिओ इडालिनासमोर येऊन उभा राहिला.

"दोना इडालिना, मी..."

"तू गाढव आहेस," ती म्हणाली. "पण आमचा आहेस. किल्ली आण."

"आणि वुबोचं काय करायचं?"

ती त्याचाच विचार करत होती. पोलिसात द्यायचं का, हाकलायचं का, असं आबिलिओच्या मनात होतं. इडालिना आत गेली आणि पिवळे रबरी हातमोजे घेऊन आली. वुबोच्या मांडीवर टाकले.

"मार्चअखेरपर्यंत पुरुषांची बाजू तुमची. दर दोन तासांनी."

वुबोने मोजे हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले. "मला राहू देशील?"

"न्हाणीघरात. बोलत काय बसलात, एक वाजायला आला."

पावणेदोनला वुबो घामाघूम होऊन बाहेर आला. मोज्यांची बोटं त्याच्या हातांना आखूड पडत होती. दारावरच्या कागदाकडे बघत त्याने खिशातून पेन काढलं.

"झालं सगळं. सही करू?"

इडालिनाने त्याच्या हातातून पेन घेतलं, आत जाऊन एकेका नळावरून बोट फिरवलं आणि परत आली.

"सही माझी," ती म्हणाली. "आणि ती मी अजून करत नाही. बेसिनखालचा कोपरा पुन्हा पुसा."